दहा वर्तुळं, चौदा पेशी

"मॅडम, तुमच्या तीन नंबरच्या बायका मरत नाहीयेत," असं सम्यक म्हणाला आणि चहात बुडवलेलं बिस्कीट मी तसंच धरून राहिले. अर्धं गळून कपाच्या तळाशी गेलं. एरवी हा मुलगा बोलण्यात जपून. कल्याणचा, वडील पोस्टातून निवृत्त, घरात पहिलाच डॉक्टर. आमच्या नौपाड्यातल्या लॅबमध्ये दोन वर्षांपूर्वी लागला तेव्हापासून 'सॉरी' म्हटल्याशिवाय त्याने माझी खुर्चीसुद्धा सरकवली नाही. आणि आता दुपारच्या चहाला हे. मी म्हटलं, "मरत नाहीयेत हे चांगलंच की रे." तो म्हणाला, "चांगलंच आहे हो मॅडम. ग्राफला बरं नाही एवढंच." मग त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्तनाच्या गाठींचे पातळ काप लावलेल्या जुन्या काचा तो वर्षभर संगणकाला दाखवत होता. गाठीतल्या पेशींचे आकार, त्यांच्याभोवतीच्या तंतूंची वीण, पांढऱ्या पेशी कुठे गोळा झाल्यात, असलं सगळं बघून त्या यंत्राने सांगायचं, की कुणाचा आजार परतणार आणि कुणाचा नाही. त्याचं खरंखोटं करायला त्या बायकांचं पुढे काय झालं ते ठाऊक पाहिजे, म्हणून फोन करून करून त्याने यादी भरलेली. पडद्यावर तीन रेघा होत्या: मी ज्यांना एक नंबर दिला त्या, दोन दिला त्या आणि तीन दिला त्या, वर्षागणिक किती जिवंत. एकीपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी खाली घसरत जायला हवी. पहिली आपली सरळ चालली होती. दुसरी आणि तिसरी एकमेकींच्या गळ्यात गळे घालून निघाल्या होत्या, जणू जत्रेला. "फक्त दोन हजार अकरा ते सतरा," सम्यक म्हणाला. "सतरानंतरच्या बरोबर फाटतात."

हे नंबर देण्याचं काम मी पस्तीस वर्षं केलंय. ते अवघड नाही, चिकाटीचं आहे. तीन गोष्टी बघायच्या. पेशींनी काही घडी, काही शिस्त राखलीय का. त्यांचे चेहरे एकमेकींपासून किती बिघडलेत. आणि मायक्रोस्कोपमधून एका नजरेत दिसतं तेवढं एक, अशी दहा वर्तुळं बघून त्यांत दुभंगत असलेल्या पेशी किती. प्रत्येकीला एक ते तीन गुण. बेरीज पाचपर्यंत गेली तर गाठ पहिल्या प्रतीची, सौम्य. सहा-सात झाली तर दुसरी. आठ-नऊला तिसरी, म्हणजे घाईची. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस काचेपुरता थांबत नाही. मी लग्नात गेले की मांडवात बसून गुण देते. माझा भाऊ श्रीपाद, दादा: वर्तमानपत्राची घडी वाचल्यानंतरही दुकानातून आणल्यासारखी, चेहरा चारही ऋतूंत एक, आणि आयुष्यात दुभंगला असेल तर शर्टाचा रंग निवडताना. बेरीज तीन. ह्याहून खाली नापासही करता येत नाही. त्याची बायको सुमती, माझी वहिनी: कपाट उघडलं तर अंगावर येतं, म्हणजे शिस्तीला तीन; चेहरे दिवसात चार, त्याला तीन; आणि एकाच वेळी दोन बाजूंनी भांडायची तयारी, त्याला दोन तरी. आठ. वहिनीला मी आठात बसवली होती तिची गाठ बघण्याच्या वीस वर्षं आधी. हे मी तिला सांगितलंही होतं. ती डोंबिवलीच्या शाळेत गणित शिकवायची, म्हणाली, "वन्सं, आठच? पेपर पुन्हा तपासा." आमच्यात ती मला 'वन्सं' म्हणते ते थट्टेने, मी धाकटी आणि बिनलग्नाची नणंद म्हणून. अहो-जाहोसुद्धा तेवढ्यापुरतंच, पुढच्या वाक्याला अगं-तुगं.

सम्यकने मग तो प्रश्न विचारला. "मॅडम, चाळीसपट लेन्सखाली तुमचं वर्तुळ किती मिलिमीटरचं?" मी म्हटलं, असतं तेवढंच. आणि हे उत्तर तोंडातून बाहेर पडत असतानाच मी खुर्ची मागे सरकवली. उठून ड्रॉवरमधली मोजपट्टीची काच काढली, एक मिलिमीटरची रेघ आणि तिच्यावर शंभर खुणा. जुना मायक्रोस्कोप अजून कपाटात आहे, विकवत नाही. तो बाहेर काढला. वर्तुळाचा व्यास पंचेचाळीस शतांश मिलिमीटर. मग नव्याखाली ठेवली. पंचावन्न. मी तीनदा बघितलं. मी सगळं तीनदा बघते, त्याचाच मला एवढा अभिमान. एक दशांश मिलिमीटर, कागदाच्या जाडीएवढा फरक. पण वर्तुळ मोठं झालं की त्यात पेशीही जास्त मावतात, म्हणून किती पेशींना किती गुण हा तक्ता प्रत्येक मायक्रोस्कोपचा वेगळा असतो. जुन्यावर बारा दिसल्या की तीन गुण. नव्यावर अठरा दिसायला हव्यात. मोठ्या परातीत जास्त तांदूळ दिसले म्हणून घरात तांदूळ वाढले असं कुणी म्हणत नाही. मी सहा वर्षं म्हणत होते.

तक्ता माझ्याच अक्षरातला होता, प्लास्टिकमध्ये बसवलेला. नवा मायक्रोस्कोप आला दोन हजार अकराच्या दसऱ्याला. आम्ही दरवर्षी यंत्रांची पूजा करतो, झेंडूची माळ, हळदकुंकू, लेन्सला लागू नये म्हणून वरून रुमाल. आमच्याकडे काचा रंगवायला सगुणा आहे, कळव्याची, माझ्याइतकीच जुनी. तिने जुन्या टेबलावरच्या भिंतीवरून तो तक्ता हलक्या हाताने सोडवला, पुसला आणि नव्या मायक्रोस्कोपच्या वर चिकटवला. "मशीन नवं असू दे, तक्ता आपलाच लावते मॅडम. त्याला एकटं वाटायला नको." सगळे हसले. मी तिला पेढा दिला. तक्त्यावर सगुणाने कुंकवाचं बोटही टेकवलं, आणि पुढची सहा वर्षं मी त्या कुंकवाखालच्या ओळी बघून नंबर देत राहिले. सतरा साली लॅब तळमजल्यावर आली, संगणकातला छापील नमुना आला, त्यात बरोबर आकडे होते. तक्ता कुठल्याशा खोक्यात गेला. आकडे बदललेत हे माझ्या लक्षातही आलं नाही. मला तर आठवतंय, मनात आलं होतं की हल्ली गाठी जरा सौम्य येताहेत, बायका वेळेवर तपासतात वाटतं. सगुणाला मी हे सांगितलं नाही. तिने विचारलं, "काय शोधताय ओ मॅडम खोक्यात?" मी म्हटलं, "जुनं काहीतरी." ती म्हणाली, "जुनं सगळं मीच ठेवलंय, मला विचारा ना." तिला काय विचारू? ती प्रेमाने चिकटवत होती. समोर बसून बघत मी होते.

सम्यकने रात्रीत यादी काढून सकाळी ठेवली. त्या सहा वर्षांत ज्यांच्या पेशी बारा ते सतरा मोजल्या गेल्या आणि म्हणून ज्या दुसरीतून तिसरीत गेल्या, अशा एक्केचाळीस. तेविसावं नाव सुमती. त्याला माहीत नव्हतं. त्याच्या लेखी ते एक नाव, वय बावन्न, गाठ एक पूर्णांक आठ सेंटिमीटर, काखेत काही नाही. घरच्यांची काच घरच्याने बघू नये असा नियम आहे आणि तो मीच इतरांना शिकवते. पण दादा मुलुंडच्या हॉस्पिटलमधून काच घेऊन थेट माझ्याकडे आला होता, मिठाईचा पुडा धरावा तशी दोन्ही हातांनी, आणि म्हणाला, "तूच बघ. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही." आणि मी बघितली. तेरा, चौदा, चौदा. मोजण्यात चूक नव्हती, हे मला पुन्हापुन्हा सांगावंसं वाटतं आणि कुणाला सांगावं ते कळत नाही. चौदा पेशी खरोखरच दुभंगत होत्या, वहिनीच्या छातीच्या दहा वर्तुळांत, गडद आणि केसाळ, अंगणातल्या सुरवंटांसारख्या. मी मान वर करून तक्ता बघितला. तीन. शिस्तीला तीन, चेहऱ्यांना दोन, आणि हे तीन. आठ. मनात पहिलं काय आलं, तर 'म्हटलं नव्हतं?'. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भीती त्यानंतर आली, पण दुसरी आली.

नऊ सप्टेंबर दोन हजार चौदा. त्या संध्याकाळी डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात दादाने गॅसकडे बघत विचारलं, "किती?" पेशी किती असं नव्हतं ते. मी म्हटलं, "पाच वर्षांचा टप्पा असतो, दादा. पुढचं बघू. श्रियाचं उरकायचं मनात असेल तर उरकून घ्या." एवढंच. ग्लासभर पाणी पिता येईल एवढ्या वेळात. श्रिया त्यांची एकुलती मुलगी, एकवीस वर्षांची, तिला हैदराबादला एम.एस्सी.ची जागा मिळालेली. फेब्रुवारीत तिचं लग्न झालं. नील, कोलशेतला राहणारा, मुलगा खरंच चांगला; मांडवात बसून मी त्याला तीन दिले होते, दादाच्या शेजारी बसवण्याइतका सौम्य. वहिनी लग्नात डोक्याला रुमाल बांधून उभी, वर नथ. डॉक्टर म्हणाले होते, गाठ लहान आहे, पण तिसऱ्या प्रतीची म्हणतायत तर केमो देऊन टाकू. दिली. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. बोटांच्या टोकांचं बधिरपण गेलं नाही. तिला हातातला खडू लागेना. फळ्यावर लिहिताना खडू कधी गळून पडला ते तिला मुलांच्या हसण्यावरून कळायचं. पुढच्या जूनपासून ती मुख्याध्यापिका होणार होती. तिने राजीनामा दिला.

आणि तरी ती मला सोडत नव्हती. रिपोर्टला वर्ष झालं त्या दिवशी सकाळी सात दहाला, त्यांच्या शाळेच्या घंटेच्या वेळी, माझा फोन वाजला. "हजर," ती म्हणाली आणि ठेवून दिला. मी गॅसपाशी उभी राहून एकटीच हसले आणि मग रडले, आणि दूध उतू गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा. नऊ सप्टेंबर, सात दहा, "हजर". पाचव्या वर्षी जरा जास्त बोलली: "हजर. मुदत संपली, वन्सं. आता?" मी म्हटलं, "आता वरच्या वर्गात." दहा वर्षं झाली, दहा फोन. माझ्या सगळ्या वर्षात मला वाढदिवस नाही, पाडवा नाही, ही एक सकाळ आहे. आदल्या रात्री मी फोन चार्जिंगला लावून दोनदा बघते. नंबर देणाऱ्या माणसाला, दिलेला नंबर खोटा पाडून कुणी दरवर्षी हाक मारावी, याहून मोठं बक्षीस कोणतं? आता सम्यकच्या यादीतून कळत होतं, की ती काही खोटं पाडत नव्हती. ती आपल्या खऱ्या नंबराप्रमाणे चालली होती. मीच तिला शर्यतीत उगाच मागे उभी करून, पुढे आली म्हणून टाळ्या वाजवत होते.

"हे रिसर्च पेपरमध्ये कसं लिहायचं, मॅडम?" सम्यकने विचारलं. मी म्हटलं, "झालं तसं. लॅबचं नाव नको असेल तर नको, पण माझं घाल. आणि आधी या सगळ्यांना सुधारलेले रिपोर्ट जातील, त्यांच्या डॉक्टरांना पत्रं जातील." त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "फोन मी करू का?" मी म्हटलं, "नंबर मी दिले होते." एक्केचाळिसातल्या पाच गेलेल्या होत्या, सहा जणींचा ठावठिकाणा नाही. उरल्या तीस. रोज दुपारी चारेक. मला वाटलं होतं, शिव्या बसतील. शिव्या बसल्या असत्या तर खतावणीत मांडता आल्या असत्या. खडवलीच्या एका बाईच्या नवऱ्याने उचलला. "ती नदीवर गेलीय गोधड्या धुवायला. काय काम होतं?" मी सांगायला लागले. तो म्हणाला, "थांबा थांबा. तिला पुन्हा काही झालंय, जे तुम्हाला माहीत आणि आम्हाला नाही, असं आहे का?" नाही म्हटलं. "मग आजार कमी होता असं म्हणताय?" हो म्हटलं. "अकरा वर्षांनी?" हो. पलीकडे त्याने कोंबड्यांना हाकललं. "बरं. आल्यावर सांगतो, पण तिला खरं वाटणार नाही. तिने तेव्हा नवस बोललेला, फेडला पण." दुसरी एक भिवंडीची, ती तर आभार मानायला लागली, डॉक्टर तुम्ही आठवण ठेवलीत. तिला थांबवून पुन्हा सांगावं लागलं. तीस फोनांत एकोणतीस झाले. तेविसावा राहिला. तो फोनवर करायचा नव्हता, की करायचाच नव्हता, हे मला संध्याकाळी तलावपाळीवर फेऱ्या मारताना ठरवता येईना. तळ्याच्या काठाने माणसं गोल फिरत होती आणि मी त्यांना वर्तुळात धरून मोजत होते: एवढ्यात किती, मोठ्या गोलात किती. भेळवाल्याने विचारलं, "मॅडम, तिखट?" मी म्हटलं, "किती नंबरचं?" तो हसला. सगळ्या शहराकडे मी अंगठा आणि तर्जनीच्या गोलातून बघते आहे असं वाटत होतं, आणि तो गोल कुणी मोजून दिलेला नव्हता.

नारळीपौर्णिमा शनिवारी झाली. मी रविवारी डोंबिवलीला गेले, राखीचं निमित्त करून. दादाने हात पुढे केला, मी बांधली, त्याने ठरलेलं पाकीट दिलं. वहिनी नारळीभात गरम करत होती. पातेलं उतरवताना तिने दोन्ही हातांत जाड फडकी घेतली होती. हल्ली ती घेतेच. माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढं तोंड पाडायला काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं," मी म्हटलं. "तेच सांगायला आलेय."

मी सगळं सांगितलं. आधी घोकून ठेवलेलं वाक्य विसरले आणि दसऱ्यापासून सुरुवात केली, सगुणाचं कुंकू, पेढा. दादा मध्येच "बरं, बरं" म्हणत होता. वहिनी भात वाढत होती. मग मी पिशवीतून कागद काढून दोन वर्तुळं काढली, एक लहान, एक मोठं. तिने कागद आपल्याकडे ओढला आणि वही तपासावी तशी मान तिरकी केली.

"व्यास?"

"पंचेचाळीस आणि पंचावन्न शतांश."

तिचे ओठ हलले. "दीडपट. क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट." मग तिने माझ्याकडे बघितलं. "हे नववीचं गणित आहे, वन्सं."

"हो."

"चौदा भागिले दीड. नऊ. नऊला तुझ्या जुन्या तक्त्यात किती?"

"दोन."

"माझ्या वर्गातल्या ढ मुलीने सुद्धा विचारलं असतं, बाई, वर्तुळ तेच आहे ना?"

दादा म्हणाला, "अगं, पण वाईटातून चांगलंच निघालं ना—"

"तुम्ही भात खा हो. गार होतोय." तिने बोटांची टोकं त्या कागदावरून फिरवली, सावकाश, वर्तुळावरून गोल. "मला हा कागद लागत नाही. खडबडीत आहे की गुळगुळीत, सांगता यायचं नाही. कढई धरली तर फोड आल्यावर कळतं. ही औषधं मला लागणार नव्हती, असं म्हणतेस?"

"नक्की नाही सांगता येत, वहिनी. दोन नंबरवाल्यांनाही कित्येकदा देतात. कदाचित तुलाही दिलीच असती. कदाचित नुसत्या गोळ्या."

"कदाचित," ती म्हणाली. "तेव्हा नव्हता हा शब्द तुझ्याकडे."

मला म्हणायचं होतं की सम्यकच्या यंत्राने तिची काच बघितली, तंतूंची वीण बघून सांगितलं की ही बाई खूप जगेल. पण यंत्राने सांगितलेलं आता तिच्यासमोर ठेवायची मला लाज वाटली. ती गोष्ट ती मला दरवर्षी फोनवरून सांगतच होती. मी म्हटलं, "श्रियाला मी सांगते."

"नको. तिला मी सांगेन. तू या स्वयंपाकघरात एकदा सांगितलंयस, तेवढं पुरे." म्हणजे श्रियाचं उरकून घ्या म्हटलेलंही तिला माहीत होतं. दादाने सांगितलं असणार, कधीतरी, झोपताना, घडी घालून. निघताना तिने नेहमीसारखा भाताचा डबा भरून दिला. दरवेळी ती जिन्यातून ओरडते, "डबा आण गं परत, सेटमधला आहे!" या वेळी दारातच म्हणाली, "डब्याची घाई नाही." मी दोन मजले उतरले तरी दार लागल्याचा आवाज आला नाही. मग आला.

आठवड्याने श्रिया लॅबमध्ये आली. कोलशेतला घरीच ती दहावीच्या मुलांना गणित शिकवते, आईचाच हात. बोटांना खडू. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून आधी तिने मायक्रोस्कोपमध्ये डोकावून "जांभळं जांभळं काय हे" म्हटलं, लहानपणी म्हणायची तसंच. मग म्हणाली, "आत्या, एक सांगते, आईला बोलायचं नाही. मला हैदराबादला जायचंच नव्हतं. घाबरले होते. लांब, ती भाषा, ते हॉस्टेल. आईचं झालं आणि मी सुटले. तू काही केलेलं नाहीस." मी म्हटलं, "मग आईला सांग ना." ती हसली. "वेडी आहेस का? माझ्यासाठी पोरीने एवढं सोडलं, या हिशोबावर ती अकरा वर्षं माझ्याशी गोड वागतेय. ते कशाला बिघडवू?" मला इतकं हलकं वाटलं की सगुणाला हाक मारून मी चहा सांगितला. चहा पिता पिता श्रिया खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एकशे सात नंबरची खोली मिळालेली. खिडकीसमोर गुलमोहर आहे असं वॉर्डनबाईने फोनवर सांगितलेलं." आणि लगेच नीलच्या बदलीचं काहीतरी बोलायला लागली. जिला जायचं नव्हतं तिला खोलीचा नंबर कशाला लक्षात राहतो? की भीती वाटलेल्या जागेचाच लक्षात राहतो? मी तिच्याकडे बघत राहिले. कपाळ आईचं, हनुवटी दादाची, मधे जे काही चाललं होतं त्याला किती गुण द्यावेत ते मला कळेना. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच काच समोर आणि आकडा नाही. ती दया करत होती की खरं बोलत होती, आणि दोन्ही असेल तर त्याची बेरीज कशी करतात? जाताना तिने टेबलावरचा डबा बघितला. "हा आमचा ना? नेऊ?" मी म्हटलं, "राहू दे. मी आणून देईन."

नऊ सप्टेंबरला मंगळवार होता. मी सहालाच उठले. फोन ओट्यावर, पूर्ण चार्ज. सात पाचला गॅस बंद केला, आवाजात आवाज नको. सात दहा झाले. सात बारा. आमच्या घड्याळात फरक असेल म्हणून रेडिओ लावला, रेडिओवर साडेसातच्या बातम्या झाल्या. मी स्वतःला समजावलं की ती चिडलेली आहे, आणि मग दुसरं काहीतरी मनात आलं, की चिडलेली नसेल, काही झालं असेल, आणि ते मनात येताच मला थोडं बरं वाटलं; आणि त्या बरं वाटण्याची मला इतकी किळस आली की मी आंघोळीला जाऊन दोन बादल्या अंगावर घेतल्या. लॅबमध्ये दहाच्या सुमाराला एक गाठ आली, साध्या वयाची, साध्या बाईची. दहा वर्तुळं बघितली: अकरा. पुन्हा: आठ. पुन्हा: तेरा. माझे आकडे असे कधी पळत नाहीत. सम्यक शेजारी येऊन उभा राहिला; मी खुर्ची मागे घेतली आणि त्याला बसू दिलं. तो 'सॉरी' म्हणायचा विसरला, ते मला आवडलं. नव्या मायक्रोस्कोपवर त्याने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: व्यास ०.५५. दुपारी सगुणा म्हणाली, "मॅडम, जेवला नाहीत." मी म्हटलं, "भूक लागेल तेव्हा." ती म्हणाली, "डबा तर केव्हापासून घासून ठेवलाय, कुणाचा आहे तो?" डोंबिवलीचा, मी म्हटलं.

पाच वाजता मी फोन हातात घेतला. या दहा वर्षांत नऊ तारखेला मी तिला कधीच फोन केला नव्हता. हजेरी घेणाऱ्याने उठून बाकाकडे जायचं नसतं, अशी माझी समजूत. घंटा वाजत राहिली. मी मोजत होते, सवयीने. आठव्या घंटेला तिने उचलला.  पलीकडे ओट्यावर सुरी चालल्याचा आवाज होता, भेंडी किंवा गवार, आणि दादाचा खोकला, आणि शेजारच्या कुणाचा तरी टीव्ही. तिला कळलं होतं कोण आहे. मला माहीत असलेली सगळी वाक्यं गोळा झाली: यंत्र काय म्हणालं, डॉक्टर कदाचित काय म्हणाले असते, श्रियाने काय सांगितलं आणि काय सांगू नको म्हणाली. त्यातलं एकही माझं नव्हतं.

"हजर," मी म्हटलं.

सुरी थांबली.

"वाजले किती?" वहिनीने विचारलं.

"पाच."

"घंटा कधी होते?"

"सात दहाला."

"मग उशीर झालाय," ती म्हणाली, वर्गातल्या आवाजात, ज्या आवाजाने डोंबिवलीतली दोन पिढ्यांची मुलं अजून रस्त्यात सरळ उभी राहतात. "वर्गात घेणार नाही. बाहेर उभी राहा."

मी उठले. सम्यकने मान वर करून बघितलं, सगुणा हातातली काच धरून थांबली. मी दार ढकलून लॅबच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये आले आणि भिंतीशी उभी राहिले, साठ वर्षांची, कानाला फोन. रिपोर्ट न्यायला आलेली दोन माणसं बाकावर सरकून मला जागा करायला लागली. मी मान हलवून नको म्हटलं. पलीकडे सुरी पुन्हा सुरू झाली होती, सावकाश, बोटं जपत. फोन तिने ठेवला नव्हता.